गोदीचा गुलाबी कागद

त्या गोदीचं नाव मी सांगणार नाही. नाव घेतलं की ऐकणारा लगेच म्हणतो, "हां हां, गेलोय की आम्ही! पाण्याच्या कडेला काय झकास कॉफी मिळते तिथं," आणि माझं बोलणं तोंडातल्या तोंडात राहतं. तर समुद्रकाठचं एक मोठं शहर, त्यात इंग्रजांच्या काळातली एक दगडी गोदी, अजून चालू असलेली, एवढं धरून चला. माझा दादा तिथं दहा वर्षं कामाला होता. गेल्या हिवाळ्यात मी मायला घेऊन ती बघायला गेले. माय आता ऐंशीच्या पुढं आहे. खरं तर चाळीस वर्षांपूर्वीच तिला जायचं होतं, दादानं बोलावलंही होतं, आणि ती गेली नाही ती माझ्यामुळं. हे मी तोवर नवऱ्याला सांगितलं नव्हतं, पोराला सांगितलं नव्हतं, आणि मायला तर नाहीच नाही.

आमचं गाव उदगीरच्या पलीकडं, कर्नाटकाच्या शिवेला. बा मी पाळण्यात असतानाच गेला. घरात माय, दादा आणि मी, म्हणजे त्यांची 'बाई'. बहात्तरच्या दुष्काळात माय आणि दादा रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. आमच्या बौद्धवाड्याला एक आड होता, अरुंद आणि खोल. त्या सालीही त्याच्या तळाशी थोडं थोडं पाणी झिरपायचं. गावात मोठी विहीर होती, पण तिथं आम्ही हंडा ठेवून लांब उभं राहायचं, आणि कुणाला दया आली तर वरून ओतून मिळायचं. मायला ते उभं राहणं अजिबात खपायचं नाही. ती दोर लावून आडात उतरायची, वाटीवाटीनं हंडा भरायची आणि वर येऊन म्हणायची, "आपलं हाय त्येवढं बास. कुणाच्या तोंडाकडं बगायचं न्हाई." त्याच आडाचं पाणी पिऊन एक दिवस दादा निघाला. खडीच्या कामावर ओळख झालेला एक जण गोदीत लागला होता, त्यानं बोलावलं. दादा तेव्हा अठरा वर्षांचा होता आणि त्यानं समुद्र चित्रातसुद्धा नीट बघितलेला नव्हता.

त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा आख्खा वाडा ऐकायला जमला. वाचणारी मीच, कारण दादा गेल्यावर आमच्या घरात वाचता येणारी मीच एकटी. दादानं लिहिलं होतं की इथं एक भलामोठा दगडी खड्डा आहे, त्याला सुकी गोदी म्हणतात. समुद्रातून जहाज आत घेतात, मागून दार लावतात, मग सगळं पाणी उपसून बाहेर काढतात, आणि जहाजाचं बूड उघडं पडलं की आम्ही खाली उतरून ते खरवडतो. शिंपले चिकटलेले असतात, गंज असतो, तो हातोडीनं काढायचा आणि लाल रंग द्यायचा.

"पानी उपसून टाकतेत?" शेजारची आत्या म्हणाली. "ह्या दुष्काळात? येड लागलं का त्यान्ला?"

लोक हसले. माय हसली नाही. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं. माझ्या वाचण्यावर तिचं असं बारीक लक्ष असायचं. दादाचा आवाज तिला माझ्या तोंडून ऐकू यायचा, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा राग यायचा. रात्रंदिवस तिच्याजवळ मी, दळण-कांडण मी, आणि जीव सगळा त्या निळ्या आंतरदेशीय पत्रात. पत्र आलं की भाकरी तव्यावर करपली तरी तिला भान नसायचं.

मग दहा वर्षं गेली. मी उदगीरला कॉलेजात पहिलं वर्ष केलं. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आमच्याकडं जणू लग्नघर झालं. ज्याला त्याला वाटायचं, आता नवी कचेरी, नव्या जागा, आपलं पोरगं चिकटतंय. मीही अर्ज केला. आणि मला मुलाखतीचा कागद आला, हो, मला! बुधवारी सकाळी लातूरला हजर राहायचं होतं. मायनं तो कागद दोन दिवस पदराला बांधून वाड्यात फिरवला. "माझी बाई हापिसात जानार हाय," असं ती येईल-जाईल त्याला सांगायची. दहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या कागदाला असा मान मिळाला होता.

त्याच आठवड्यात दादाचं पत्र आलं. या वेळी आंतरदेशीय नव्हतं, पाकीट होतं, आणि आत एक गुलाबी पुठ्ठ्याचा कागद. त्यावर सगळं इंग्रजीत छापलेलं. दादानं लिहिलं होतं की बुधवारी आमचं जहाज तरंगवायला गोदीत पाणी सोडणार, त्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना आत सोडतात, त्याचा हा पास, तर माय तू ये, बाईला घेऊन ये. तोच बुधवार.

मी चुलीपाशी बसून वाचत होते. माय समोर पाट्यावर चटणी वाटत होती. मी पत्र आधी मनात वाचलं, आणि त्या ओळीवर येऊन थांबले. मला पक्कं ठाऊक होतं की माय दादाकडं जाणार. मला म्हणणार, तू जा शाळेतल्या मास्तरीण बाईंसोबत लातूरला. आणि मास्तरीण बाई आनंदानं आल्या असत्या, हेही मला ठाऊक होतं. पण मला मास्तरीण बाई नको होत्या. मला माझी माय पाहिजे होती, पांढरं लुगडं नेसून त्या नव्या कचेरीच्या बाहेर बसलेली, माझी लेक आत गेलीय म्हणून वाट बघणारी. एकदा, फक्त एकदा, तिनं माझी वाट बघावी असं मला वाटत होतं.

मी त्या ओळी गाळल्या. "तब्येत ठीक आहे, काम जोरात आहे, बाईला अभ्यास कर म्हणावं," एवढं वाचलं आणि घडी घातली.

"ह्यो कागद कशाचा गं?" मायनं गुलाबी पास उचलून विचारलं.

"त्याच्या कामाचा हाय. जपून ठेव म्हनला," मी म्हणाले.

तिनं हात धुतले, पुसले, आणि तो पास ट्रंकेत त्याच्या पत्रांबरोबर ठेवला. पुढं चाळीस वर्षं ठेवला.

बुधवारी माय कचेरीच्या बाहेर लिंबाखाली दिवसभर बसली. मी बाहेर आले तेव्हा ती पांढऱ्या लुगड्यात उभी राहून हसत होती. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, आणि त्या दिवसाइतकं वाईट मी पुन्हा कधी वागले नाही. नोकरी लागली. पंधरा दिवसांनी दादाचं पुढचं पत्र आलं. त्यातल्याही चार-सहा ओळी मी गाळल्या. गाळाव्याच लागल्या. एकदा खोटं वाचलं की पुढं खरं वाचायची सोय राहत नाही.

वर्षभरानं दादा घरी आला तो खोकत आला. दहा वर्षं गंजाची आणि रंगाची भुकटी छातीत गेलेली. उदगीरच्या दवाखान्यात नेलं, औषधं झाली, पण तो दिवसेंदिवस वाळत चालला. मी सुट्टी टाकून गावी आले होते. एका दुपारी तो अंगणात बाजेवर पडला होता, माय त्याचे तळपाय चोळत होती आणि मी कपात दूध गार करत होते. तो अचानक म्हणाला, "माय, त्या दिवशी तू आली न्हाईस."

"कोंत्या दिवशी रं?" माय म्हणाली.

दादानं मान वळवली आणि माझ्याकडं बघितलं. मी कपाकडं बघत राहिले. त्याला कळलं. पत्रं कोण वाचतं हे त्याच्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक होतं! मग म्हणाला, "जाऊ दे. लांबचा पल्ला हुता." आणि माझ्याकडं हात केला, "बाई, दूध दे." मी दिलं. त्यानं दोन घोट घेतले. तिसऱ्या दिवशी तो गेला.

शेवटच्या घडीलाही त्यानं मला वाचवलं, आणि मी वाचले. यापरतं काय बोलू?

त्यानंतर मायचा एक प्रश्न माझ्या मागं लागला. धान्य निवडत असताना, गोधडीला टाके घालत असताना, माझ्या लग्नात मी हळदीच्या अंगानं बसलेली असताना माझ्याजवळ येऊन, नातवाला न्हाऊ घालताना, मध्येच ती थांबायची. "कोंत्या दिवशी म्हनत असंल गं त्यो?" मी म्हणायचे, "तापात माणूस काहीही बोलतं, माय." ती मान हलवायची. "व्हय. भरमिष्टच झालता लेकरू." आणि पुन्हा सहा महिन्यांनी तेच. लग्नानंतर मी बदली करून नांदेडला आले, मायलाही आणलं. शेवटची बदली हिमायतनगरला झाली, तिथून निवृत्त झाले. सगळ्या नोकरीत माझा एक लौकिक होता. बाहेरगावचा अडाणी माणूस अर्ज घेऊन आला की मी शिपायाला ओरडायचे, "अरे, अख्खा वाचून दाखव त्यांना! एक ओळ सोडू नको!" लोक म्हणायचे, बाई कडक आहेत पण इमानी आहेत. जळो ते इमान.

मधे साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा पन्नाशी ओलांडलेली माय पाटी घेऊन जायला लागली आणि माझी झोप उडाली. पण तिला लागायची ती छापील अक्षरं. दुकानाची पाटी, बसवरचं गाव, गोळ्यांच्या पाकिटावरचं नाव, असं एकेक अक्षर जोडून ती मोठ्यानं वाचायची आणि मग केवढी खूश व्हायची! दादाचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. एकदा ट्रंक उघडून तिनं बघितलं आणि म्हणाली, "त्याचं मला लागत न्हाई. जाऊ दे, तू वाचलेलं हाय माझ्या ध्यानात." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रडले, पण सुटल्यासारखंही वाटलं. असं आहे ते.

माझ्या पोराला त्या शहरात नोकरी लागली. आजीला मामाची गोदी बघायची आहे हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. मी दर वेळी काहीतरी कारण काढायचे: उन्हाळा आहे, तिचे गुडघे दुखतात, तिथं कुणाला आत सोडत नाहीत. त्यानं एक दिवस फोन केला, "आई, आता सोडतात. म्युझियम केलंय, कॅफे आहे, तिकीट मी काढलंय." माझी कारणं संपली.

माय दोन दिवस आधीपासून तयारीला लागली. पांढरं लुगडं, दोन भाकरी, आणि नांदेडच्या घरचं पाणी भरलेली बाटली. कुठंही निघाली की घरचं पाणी सोबत घ्यायचं हा तिचा नेमच आहे. रेल्वेत विकत मिळतं म्हटलं तर ती माझ्याकडं असं बघते की मी गप्प बसते. दुष्काळातून आलेलं माणूस पाण्याच्या बाबतीत कुणावर भरोसा ठेवत नाही.

पोरानं आम्हाला सकाळी फाटकावर सोडलं आणि तो कामावर गेला. फाटक उंच, लोखंडी, काळं. आम्ही आत गेलो, आणि दहा पावलांवर तो खड्डा आला. काय सांगू! दगडी पायऱ्या पायऱ्या उतरत गेलेल्या, खाली तळाला माणसं बोटाएवढी दिसतात, आणि मधोमध एक जहाज लाकडाच्या ओंडक्यांवर ठेवलेलं. हातोड्यांचा आवाज एकसारखा चाललेला. अर्ध्या बुडाला लाल रंग लागलेला आणि अर्धं अजून खरवडायचं होतं.

माय कठड्याला धरून उभी राहिली. "अगं बाई," ती म्हणाली, "ही तर बारव हाय."

खरंच बारव होती, आमच्याकडच्या पायऱ्यांच्या विहिरीसारखी, फक्त शंभर पट मोठी.

"अन् ह्यातलं पानी उपसतेत," माय म्हणाली. "खोटं बोलत नव्हता माझा लेक." मग तिनं खालच्या एका माणसाकडं बोट केलं. तो फळीवर बसून हातोडी मारत होता, तोंडाला फडकं बांधलेलं. "असाच बसत असंल का गं? तोंडाला फडकं बांदत असंल का?"

"बांधत असंल," मी म्हणाले.

"न्हाई बांदलं त्यानं," ती म्हणाली. "बांदलं असतं तर आज असता."

ती अर्धा तास तिथून हलली नाही. मला वाटलं, झालं, आता कॉफी पाजावी, घरी न्यावं, निभावलं. पण तिकिटात म्युझियम होतं आणि मायला तिकीट वाया घालवणं जमत नाही.

म्युझियम जुन्या गुदामात आहे. जहाजांच्या लाकडी प्रतिकृती, जाडजूड साखळ्या, पितळी कंदील, साहेबांचे फोटो. कामगारांसाठी शेवटची एक खोली, लहानशी. तिथं कुणी फारसं थांबत नव्हतं. तिथं हातोड्या होत्या, चेपलेले डबे होते, आणि भिंतीलगत एक काचेची पेटी. मी बाकावर बसून पाय मोकळे करत होते. माय पेटीपाशी वाकलेली.

"बाई," ती म्हणाली. "ह्यो कागद आपल्या घरी हाय."

मी मान वर करून बघितलं. पेटीत तोच गुलाबी पुठ्ठा, तेच इंग्रजी, फक्त कोपरे झिजलेले. आणि त्याखाली मोठ्या ठळक छापील मराठीत पाटी. मी उठेपर्यंत तिनं बोट काचेवर ठेवून वाचायला सुरुवात केली होती.

"पा-णी... सोड-ण्याच्या... दिव-सा-चा... पास," तिनं वाचलं. थांबली. "या दिवशी... काम-गारां-च्या... घरच्या... मान-सांना... बो-ला-वत."

"माय, चल, दमलीस तू," मी म्हणाले.

"थांब जरा." तिचं बोट पुढं सरकलं. "त्यांनी... घरून... आण-लेलं... पाणी... आधी... गो-दीत... ओतत. मग... समु-द्राचं... दार... उघ-डत."

तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्या खेपेला तिला कमी वेळ लागला. मग ती सरळ झाली आणि माझ्याकडं वळली. तिच्या तोंडावर राग नव्हता. लहान पोराला गणित सुटल्यावर असतं तसं काहीतरी होतं.

"ह्यो दिवस," ती म्हणाली. "ह्या दिवशी म्हनत हुता त्यो."

पाण्याच्या कडेचा तो कॅफे म्हणजे पूर्वीची कामगारांची खानावळ. आता तिथं काचेच्या खिडक्या आहेत, फुलझाडाच्या कुंड्या आहेत. कॉफी आणणारी मुलगी मायला "आजी, साखर टाकू?" असं प्रेमानं विचारत होती. माय कपाकडं बघत नव्हती. बाहेर समुद्राचं पाणी दगडी भिंतीला लागून हलत होतं.

"त्यानं पास धाडला," ती म्हणाली. "म्हंजी बलावलं असंल."

"हाव," मी म्हणाले.

"पत्रात लिव्हलं असंल."

"हाव, माय."

"मंग तू वाचलं कामून न्हाई?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. लातूरचा बुधवार, मास्तरीण बाई, लिंबाखालचं तिचं बसणं, मला ती किती पाहिजे होती ते. माझा आवाज चढला, बाजूचे लोक बघायला लागले, मला त्याची लाज वाटली नाही. मी म्हणाले, "तू त्याच्याकडंच गेली असतीस. मला ठाऊक होतं."

"गेले असते," माय म्हणाली.

तिनं ते लपवलं नाही. मग म्हणाली, "त्याच्याकडं गेले असते, अन् तुजी नोकरीबी लागली असती. मी लिंबाखाली बसल्यानं लागली का ती?"

मी कप बशीत फिरवत राहिले.

"त्यो मेला," ती म्हणाली, "तवा त्याच्या मनात हुतं, माय बलावूनबी आली न्हाई. अन् चाळीस वरसं म्या त्याला भरमिष्ट म्हनले." एवढं बोलून तिनं पदर तोंडाला लावला. मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात झटकला नाही, पण माझ्या हातात दिलाही नाही. तो टेबलावर तसाच पडून राहिला.

निघताना पुन्हा त्या सुक्या गोदीवरून जायचं होतं. तिथं माहिती सांगणारे एक म्हातारे गृहस्थ होते, पूर्वी तिथलेच कामगार. मायच्या हातातली बाटली बघून ते हसून म्हणाले, "आजी, घरचं पाणी आणलंय का? ओता की थोडं. आजकाल येणारे लोक ओततात, फोटो काढतात."

माय कठड्यापाशी गेली. तिनं बाटलीचं झाकण उघडलं. मला वाटलं ओतेल, आणि मनात आलं की ओतलं तर माझं थोडं हलकं होईल. तिनं बाटलीकडं बघितलं, खालच्या जहाजाकडं बघितलं, आणि झाकण परत लावलं.

"ह्ये न्हाई," ती म्हणाली. "ह्ये नळाचं हाय. आमच्या आडाचं पाहिजे."

"मग पुढच्या वेळी आणा, आजी."

"आड बुजवला," माय म्हणाली, आणि चालायला लागली.

परतीच्या रेल्वेत ती बाटली मांडीवर धरून बसून होती. मला तहान लागली होती, मागायची हिंमत झाली नाही. नांदेडला उतरलो, ऑटोनं घरी आलो. तिनं हातपाय धुतले, चहासुद्धा घेतला नाही, आणि पलंगाखालची ट्रंक ओढली.

"वाच," ती म्हणाली. "समदी. पैल्यापासून."

सगळी पत्रं वाचायला आम्हाला चार दुपारी लागल्या. ती माझ्या शेजारी बसायची, कागद दोघींच्या मध्ये, आणि तिचं बोट ओळीवर. दादाचं अक्षर तिला लागत नव्हतं, पण ओळी तिला मोजता येत होत्या. मी एका ओळीवरून दुसरीवर गेले की तिचं बोट खाली सरकायचं. एकदा माझी नजर चुकून दोन ओळी खाली गेली तर तिनं बोट तसंच दाबून धरलं. "ही ऱ्हायली," ती म्हणाली. ऱ्हायलीच होती. त्यात दादानं फक्त पाऊस कसा आहे ते विचारलं होतं.

चौथ्या दुपारी पाकिटातलं पत्र आलं. मी वाचलं.

"माय, येत्या बुधवारी आमच्या जहाजाला पाणी सोडणार हायेत. सोबत पास जोडलाय. तू ये, बाईला घिऊन ये. येताना आपल्या आडाचं तांब्याभर पाणी आन. यात देवाबिवाचं काई न्हाई. घरच्यांनी आनलेलं पाणी आधी पडतं, मग समुद्राचं, अशी हितली रीत हाय. कुणाचं पाणी कुठल्या वाड्यातलं, हे हितं कुणी इचारत न्हाई. समद्यांचं एकाच जागी पडतं. तू लई वर्सं लांब उभी ऱ्हायलीस. आपल्या आडाचं पाणी समद्यांच्या पाण्यात पडलेलं तुला एकदा बगू दे."

मायचं बोट हललं नाही. मी थांबले. ती म्हणाली, "म्होरलं."

म्होरलं पत्र पंधरा दिवसांनंतरचं.

"माय, तू आली न्हाईस. काईतरी अडचन असंल. मी दिवस मावळेस्तोवर फाटकापाशी थांबलो. माझा तांब्या मोकळाच हुता म्हून मुकादम म्हनला, नळाचं भर. मी भरलं न्हाई. नळाचं कशाला वतायचं? तू मनाला लावून घिऊ नको. पुढल्या बारीला ये."

बाहेर टँकर आला होता, बायांचा गलका चालला होता. मी पत्र खाली ठेवायला गेले तर मायनं ते धरून ठेवलं.

"पुढल्या बारीला ये," ती म्हणाली. "ह्ये कुटं लिव्हलंय? मला दाव."

मी तिचं बोट धरलं आणि त्या शब्दांवर ठेवलं. तिनं ते तिथून उचललं नाही.